आठ दिवसांची गोळी

११ जानेवारी, शनिवार

आईचा उजवा हात थरथरतो! नागलीची भाकरी थापताना पीठ परातीबाहेर सांडत होतं. चालतेही पाय ओढत. बाबा म्हणाले, वय झालं. बावन्न म्हणजे काय वय! आणि चक्कर तर अजून आहेच. मान वर केली की भिंत धरते.

मी आधी चकरेच्या गोळ्यांचंच विचारलं. दिवसातून तीन, चुकवत तर नाहीस? चिडूनच विचारलं. म्हणाली, "एकपण नाय." या वेळी तर माझ्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून मी तीन महिन्यांच्या एकदम आणून ठेवल्यात. पण आता तिलाच नाशिकला नेते.

२० जानेवारी, सोमवार

पहिल्यांदा चक्कर आली तेव्हा दाखवलं होतं, तेच कानाचे डॉक्टर. आईला हात पुढे धरायला लावले, चार पावलं चालवलं. मग मला विचारलं, ही गोळी किती दिवस चालू आहे? म्हटलं, सव्वा वर्ष. त्यांनी माझ्या मोबाइलमधला चिठ्ठीचा फोटो मोठा करून माझ्यापुढे धरला.

"आठ दिवसांची होती ताई. पुन्हा दाखवायला या, तेही लिहिलंय बघा."

कानाच्या आतला तोल बिघडला की सुरुवातीला गोळीने चक्कर दाबायची. पुढे मेंदूला आपलं आपण सावरू द्यायचं. मी सावरूच दिलं नाही. आणि हाताची थरथर, जड पाय — ते या गोळीनेच. बहुतेक जाईल म्हणाले. वेळ लागेल.

आई मध्येच कौतुकाने म्हणाली, "माझी पोर एक दिवस चुकवू देत नाय, सायेब."



२१ जानेवारी

इथे तरी खरं लिहावं. आठ दिवसांनी तिला परत नेलं नाही, ते सुट्टी मिळेना म्हणून नाही. पहिल्या खेपेला दवाखान्यात आई खुर्ची सोडून खाली बसली होती, पडायच्या भीतीने माझा पाय घट्ट धरून. समोरच्या बायका बघत होत्या. मला लाज वाटली. आईची!

त्यानंतर पंचवटीतल्या मेडिकलवाल्याला मोबाइलमधला चिठ्ठीचा फोटो दाखवायचा, गोळ्या घ्यायच्या. सोपं होतं.

आणि मी काम करते त्या संस्थेतर्फे वसतिगृहांत फिरून मुलींना सांगते — डॉक्टरांना प्रश्न विचारायला लाजू नका.

२ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवडे आई नाशिकला माझ्या खोलीवर होती. डॉक्टरांनी सांगितलं तशी गोळी कमी करत करत बंद केली. रोज व्यायाम — बोटावर नजर रोखून मान इकडे तिकडे हलवायची. पहिले दिवस वाईट गेले. ओकायची, रडायची, गोळी दे म्हणायची. नाही दिली.

आज सुरगाण्याला घरी सोडलं. अंगणात शेजारी जमले. बाबांनी विचारलं, गोळी बंद कशी काय? सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. पाड्यावरची पहिली पदवीधर!

म्हटलं, गोळीचं काम झालं, म्हणून बंद.

१० फेब्रुवारी

आईचा फोन. आज मान वर करून बघितलं, भिंत धरावी लागली नाही.

१४ मार्च

शिमग्याला घरी. आई डोक्यावर हंडा घेऊन आली, वाटेत कुठेच थांबली नाही. हातही पुष्कळ स्थिर. बाबा येईल त्याला सांगतात, पोरगी शिकली म्हणून हिचे पाय परत आले. शेजारची नवसाबाई म्हणाली, "आमच्याबी एखादीला शिकवलं असतं तं बरं झालं असतं."

जेवताना खरं काय ते सांगायचं ठरवलं होतं. बाबांनी माझ्या पानात पहिली भाकरी वाढली. नाही सांगितलं.

आई बरी झाली. आता सांगून कुणाचं भलं होणार आहे? — असं मनाला समजावत परतले.

४ मे, रविवार

नवसाबाई जीपपाशीच माझी वाट बघत उभी होती. तिलाही चक्कर यायची म्हणे. आईला गुण आला म्हणून घरात उरलेल्या गोळ्या तिने आईकडून फेब्रुवारीतच मागून घेतल्या. दिवसातून तीन. एकही चुकवली नाही. परवा संपल्या.

"आजून आण गं सायली," म्हणाली आणि रिकामं पाकीट माझ्या हातावर ठेवायला गेली. हाताच्या थरथरीने तिला ते ठेवता येईना.