बेचाळीस फुल्या

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार पोचावा. तुझे गुडघे कसे आहेत? माझे दोन आहेत, त्यातला एक ऐकतो. नात नोकरीला परगावी गेली की मी तुझ्याकडे कायमची राहायला येणार, तेव्हा मागची खोली हवी की खिडकीची, असं तू विचारलंस. मी काय सांगू, काहीही चालेल.

इकडे मी नातीची परीक्षाच बुडवत होते. ती दिव्याच्या आकड्यांचं शिकते. चार बटणं दाबली की काचेवर शून्य ते नऊपैकी एक आकडा उजळायचा. (आकडा सात दांड्यांचा, काडेपेटीच्या काड्या मांडाव्यात तसा.) दर दांडीला एक कागद, कागदावर बटणं दाबायच्या सोळा तऱ्हांची सोळा घरं, घरात दांडी पेटली तर एक, नाहीतर शून्य. ती अंघोळीला गेली म्हणून मी कौतुकानं बघत बसले, तर दर कागदावर सहा फुल्या. मी तिसरीपर्यंतच शिकले, पण फुली ओळखते. माझी पाटी फुल्यांनीच भरायची. म्हटलं, बाईंनी बघायच्या आत निस्तरावं. रबर घेतलं नि बेचाळीस फुल्या खोडून बेचाळीस शून्यं घातली.

संध्याकाळी पोरगी तोंड पाडून आली. त्या कागदांवरून तारांची जोडणी केली तर ती दुप्पट झालेली, बोर्डावर मावेना, आणि परीक्षा परवावर. कागद उजेडात धरून म्हणाली, "आजी, या शून्यांना शेपट्या कशा?" कबूल करावंच लागलं. तशी हसत सुटली. "अगं, फुली म्हणजे चूक नव्हे. आकडे दहाच, म्हणून सोळातली दहाच घरं लागतात. उरलेल्या सहांची पाळीच येत नाही, म्हणून तिथं काहीही चालेल. मग मी माझ्या सोयीनं भरते, जोडणी आटोपशीर होते."

तेव्हापासून ती सहा घरं डोळ्यांपुढून हलत नाहीत बघ. दारं उघडी, पडदे हलताहेत, कोणी राहायला येणार नाही. मी आपली एकातून दुसऱ्यात हिंडते, खिडकीशी जरा टेकते. (दूध दोनदा उतू गेलं.) पोरीनं फुल्या परत घातल्या, जोडणी मावली, काल पासही झाली.

तुझी,
धाकटी

ता. क. मी नातीला विचारलं, काहीही चालेल म्हटलं की काय मिळतं गं? म्हणाली, "दुसऱ्याच्या सोयीचं." तुझ्याकडे दरवेळी माझं अंथरूण शिलाई मशीनच्या मागे पडतं, ते आठवलं.

आणखी एक. वरचं 'काहीही चालेल' खोडायला गेले, पण शाई आहे. तूच खोड. मला खिडकीची खोली हवी. तिथं तुझं कपाट आहे, ते ठाऊक आहे मला.