सातव्या पेपरातली टाकी

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय ठकू,

आज सहाला उठलो. चहा केला. साडेसातला माझ्या जुन्या नोकरीच्या पंपघरावर गेलो. तिथली गोल टाकी पूर्ण रिकामी केली आणि पुन्हा भरली. आधीचा आणि नंतरचा मीटरचा आकडा लिहून घेतला. पँट गुडघ्यापर्यंत भिजली. साडेअकराला घरी येऊन ती दोरीवर टाकली, सकाळचं गरम करून जेवलो आणि लिहायला बसलो. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेल्या माणसाला टाकी रिकामी करायचं काय पडलं होतं, असं तुला वाटेल. तेच सांगायचं आहे. पण मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही, आणि फोनवर तर नाहीच. फोनवर मला 'बरं', 'हो' आणि 'ठेवतो' हे तीनच शब्द येतात, असं तुझी आई म्हणायची.

तिला जाऊन परवा तीन महिने होतील. घर ठीक आहे. खालच्या काकू अधूनमधून डोकावतात. तुझ्या आईच्या शिवणयंत्रावर मी कापड टाकून ठेवलं आहे, कारण ते उघडं दिसलं की ती आत्ताच उठून गेली आहे असं वाटतं. डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात करू असं डॉक्टर म्हणतात. घाई नाही.

आई गेल्यावर तू दहा दिवस इथे राहिलीस. त्यातल्या एका दुपारी मी आतल्या खोलीत तिच्या औषधांच्या बाटल्या काढून ठेवत होतो आणि बाहेर छोटी तुला काहीतरी विचारत होती. भूमितीचं होतं बहुतेक. तू म्हणालीस, "मला नको विचारूस गं. मला गणित येत नाही. मी पहिल्यापासून कच्चीच." मग तू हसलीस. तीही हसली आणि म्हणाली, "मग मी कुणावर गेले?" तू म्हणालीस, "आजोबांवर जा. त्यांचं कधी काही चुकत नाही." मी बाटली हातात धरून तसाच उभा राहिलो. बाहेर येऊन काहीतरी बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तुझ्या दहावीच्या वर्षीचे रविवार तुला आठवत असतील. मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा तो संच मी आणला होता, शेवटच्या पिवळट पानांवर उत्तरं छापलेला. दर रविवारी एक पेपर, दहा ते एक. टेबलावर गजराचं घड्याळ, एका बाजूला तू आणि समोर मी, लाल पेन्सिल घेऊन. त्या तीन तासांत घरात भांडं वाजवायला बंदी होती. आई स्वयंपाकघरातून कुजबुजत विचारायची, "परीक्षा तिची आहे की माझी? श्वास घेतला तर चालेल ना?" तू खाली मान घालून हसायचीस आणि मी घड्याळावर बोट ठेवायचो. मला त्या रविवारांचा अभिमान होता. कामावर सगळ्यांना सांगायचो. फिटर म्हणायचा, "पोरगी आपल्या खात्यात इंजिनियर होऊन येणार आणि पहिली तुम्हालाच मेमो देणार बघा." तू तर तेच धरून बसली होतीस. "बाबा, मी साहेब झाले की तुम्ही मला सलाम करायचा, घरी पण," असं जेवताना म्हणायचीस. मी वरून गप्प असायचो, पण मनातून सलामाची तयारी होती.

आता एक गोष्ट कबूल करतो. मी तुझे पेपर तपासायचो म्हणजे काय, तर मागची पानं उघडून आकडे जुळवायचो. एकही गणित मी स्वतः सोडवलं नाही. सोडवता आलं नसतं असं नाही. शाळेत मीही शिकलो होतो. पण छापील उत्तर समोर असताना डोकं कशाला चालवायचं, असं वाटायचं.

सातव्या पेपरात टाकीचं गणित होतं. गोल टाकी, व्यास एक पूर्णांक चार दशांश मीटर, उंची एक मीटर, तर तीत किती लिटर पाणी मावेल. तू लिहिलंस, एक हजार पाचशे चाळीस. पुस्तकात होतं सहा हजार एकशे साठ. मी फुली मारली. तू पेपर ओढून घेतलास, पुन्हा करून बघितलंस आणि म्हणालीस, "बाबा, पुस्तकातलं चुकलंय. त्यांनी व्यासच त्रिज्या म्हणून घेतलाय." मी म्हणालो, पुस्तक लिहिणारे काय वेडे आहेत का. तू म्हणालीस, "आपल्या पंपघरातली गोल टाकी बघा ना, एवढीच आहे. मी तिच्यामागे लपायचे. चला आत्ता, भरून बघू. मीटर आहेच की." तू चप्पल घालायलाही उठली होतीस. आई दारात येऊन म्हणाली, "अहो, जाऊन या की. दहा मिनिटांवर तर आहे. तेवढंच पोरीचं समाधान." आणि मी म्हणालो, "परीक्षेत काय टाकी उचलून नेणार आहेस? उलट उत्तर नको." प्रश्नाचे चार गुण कापलेच, वर शिस्तीचा म्हणून एक कापला. सत्त्याऐंशी... नाही, थांब, पेपर समोरच आहे. त्र्याऐंशी लिहून सही केली.

ठकू, मी तिथे रोज आठ तास बसत होतो. नोंदवहीत रोज माझ्या हाताने लिहीत होतो, 'गोल टाकी भरली, दीड हजार लिटर.' त्या दिवसापर्यंत अकरा वर्षं लिहीत होतो आणि त्यानंतरही सतरा वर्षं लिहिलं. त्या रविवारी ते एकदाही डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर, आलं असेल. पण तू बरोबर आणि मी चूक, हे तुझ्या आईसमोर म्हणायला जीभ उचलली नाही.

मग मी तुला ते गणित उत्तर जुळेपर्यंत करायला लावलं. चार वेळा तू दीड हजारच आणलंस. पाचव्या वेळी त्रिज्येच्या जागी व्यास घातलास, सहा हजार एकशे साठ काढलंस आणि वही माझ्यापुढे सरकवलीस. मी शाब्बास म्हणालो. त्यानंतरच्या तिन्ही पेपरांत तू मला एकही प्रश्न विचारला नाहीस, आणि मला वाटलं, आता तयारी पक्की झाली.

खऱ्या परीक्षेत पाण्याच्या पिंपाचं गणित आलं. व्यास दिलेला, चार गुणांना. घरी आल्यावर मी प्रश्नपत्रिका तुझ्या हातातून घेतली होती. समासात तू दोन उत्तरं काढली होतीस, एक त्रिज्येने, एक व्यासाने, आणि दोन्हींवर रेघ मारली होतीस. मी विचारलं, शेवटी कुठलं लिहिलंस. तू म्हणालीस, आठवत नाही. एवढी तयारी करून घेतली तरी गोंधळ कसा होतो, म्हणून मी बोललोही. पुढचं तुला माहीत आहे. इंजिनियरिंगच्या पदविकेच्या यादीत तीन गुणांनी तुझं नाव राहिलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा बस म्हणालो तर तू म्हणालीस, "नको बाबा, मला त्यातलं कळत नाही." दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर तू वीस वर्षं काढलीस. चांगलं काम आहे, लोक तुझं नाव घेतात, मी कमी लेखत नाही. पण गणितातलं कळत नाही हे तुझं वाक्य मी तेव्हा खरं मानलं आणि घरात सगळ्यांनाच मानायला लावलं.

हे सगळं मी विसरलो होतो, असं म्हणणं सोपं आहे. गेल्या महिन्यात शिवणयंत्राचा खण उघडला. सुया, बॉबिनी, खडू आणि त्याखाली तो संच आणि तुझे सगळे पेपर, कापडात गुंडाळलेले. संचात शेवटच्या पिवळट पानांतल्या एकाला टाचणी लावलेली. तिथे सहा हजार एकशे साठवर निळ्या शाईची काट होती आणि शेजारी तुमच्या गणिताच्या बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'छापील उत्तर चूक. मुलीचे बरोबर. १५४०.' खाली सही आणि तारीख. निकालानंतरच्या आठवड्यातली.

तुझी आई कधी तुझ्या शाळेच्या फाटकाच्या आत गेली नव्हती. पालकांची सभा असली की म्हणायची, "तुम्हीच जा, मला त्यातलं काय कळतंय." ती एकटी पुस्तक पिशवीत घालून बाईंकडे गेली होती. मला तो आठवडा आठवतो, कारण तिने एकदा वाढता वाढता विचारलं होतं, "अहो, छापलेलं कधी चुकतं का हो?" मी म्हणालो, "छापण्याआधी चार शिकलेली माणसं तपासतात. तू भाजीतलं मीठ तपास." ती हसली. भाजी वाढली. बावीस वर्षं पुन्हा तो विषय काढला नाही, आणि पुस्तक फेकलंही नाही. तिने तुला हे सांगितलं होतं का, मला माहीत नाही. सांगितलं असेल, तर इतकी वर्षं तू माझी लाज राखलीस. सांगितलं नसेल, तर हे तुला आज कळतंय. दोन्हींतलं जास्त वाईट कुठलं, मला ठरवता येत नाही. तिला विचारावं, तर तीही सोय राहिली नाही.

पान सापडल्यावर मी ते गणित कागदावर केलं. पाच मिनिटं लागली. उत्तर आलं तरी पुरे वाटेना. तू मला कागद दाखव म्हणाली नव्हतीस, टाकी बघू म्हणाली होतीस. म्हणून आज गेलो. फिटर अजून तिथेच आहे, पुढच्या वर्षी सुटेल. मला बघून म्हणाला, "काय हो, पेन्शन पुरत नाही का? टाक्या धुवायला आलात?" मी टेपने व्यास मोजला. एक पूर्णांक चार. उंची एक मीटर, एक बोट इकडे तिकडे. रिकामी व्हायला वेळ लागला, तळाशी गाळ होता, तो थोडा खरवडला, म्हणून भिजलो. मग भरली. मीटरवर फरक आला एक हजार पाचशे दहा लिटर. राहिलेले तीस गाळाने खाल्ले असतील. फिटरला मी पुस्तकातलं उत्तर सांगितलं. तो म्हणाला, "सहा हजार? अहो, सहा हजार मावायला या टाकीवर तीन मजले चढवावे लागतील. कोण म्हणालं असं?" मी म्हणालो, "मीच म्हणालो होतो." त्याला वाटलं थट्टा करतोय. तुझी चौकशी केली. साहेबीणबाई कशा आहेत म्हणाला. तो अजून तुला तेच म्हणतो.

घरी आल्यावर तुझा सातवा पेपर काढला. टाकीवरची फुली खोडरबराने जाईना. लाल पेन्सिल इतकी वर्षं मुरली आहे. तशीच ठेवून शेजारी बरोबरची खूण केली. चार गुण दिले. शिस्तीचा कापलेला एकही परत दिला. बेरीज अठ्ठ्याऐंशी. खाली आजची तारीख घालून सही केली. याने काही भरून येत नाही, मला कळतं. तुझ्या यादीला तीन गुण हवे होते आणि ते तेव्हा हवे होते.

आता हे पत्र आज का. रविवारी छोटीचा फोन आला होता. म्हणाली, "आजोबा, आमची परीक्षा आली. मी दर रविवारी एक जुना पेपर सोडवून तुम्हाला फोटो पाठवते, तुम्ही तपासाल? आई म्हणते ते आजोबांचं काम." मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. सवय. पण माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते तिच्याआधी तुला कळवायला हवं होतं. तिचे पेपर तू तपास. समोर बस, प्रत्येक गणित आधी तू स्वतः कर, आणि ती म्हणाली की पुस्तक चुकलंय, तर उठ आणि तिच्याबरोबर बघायला जा. तुला येतं. या घरात त्या दिवशी तुला एकटीलाच येत होतं. सोबत तो संच पाठवतो आहे, शेवटची पिवळी पानं काढून. फक्त बाईंनी लिहिलेलं पान ठेवलं आहे. तुझा सातवा पेपर आहे आणि माझी लाल पेन्सिल, आताच टोक केलेली. छोटीला काय सांगायचं ते तू ठरव. माझं चुकलं हे मी तिला फोनवर सांगायला तयार आहे. तीन शब्दांच्या वर जाईन. पाच वाजत आले, ऊन दोरीवरून सरकलं. पँट वाळली का बघतो आणि आत घेतो. आई असती तर आतापर्यंत दोनदा ओरडली असती.

तुझाच,
बाबा