पिवळं फडकं

सेन्दाई, ८ फेब्रुवारी

चि. कात्सुया यास ताईचे अनेक आशीर्वाद. येथील सर्व क्षेम, तुझी खुशाली कळव.

पेपरात तुझा फोटो पाहिला. जनसेवेसाठी पोलिसांचा मोठा सन्मान, आणि कान मात्र टोपीबाहेर, शाळेत होते तसेच. शेजारच्या ओनोदेराबाई म्हणाल्या, एवढा गरीब चेहरा, याला चोर भितात का? मी म्हटलं, त्याच्या डोंगरात चोर नाहीत, एकटी म्हातारी माणसं आहेत. सकाळी उठलं की दाराशी पिवळं फडकं लावायचं, अंधार पडला की काढायचं, फडकं दिसलं नाही की चौकीवाला धावत येणार. एवढं साधं तुझ्याआधी कुणाला सुचलं नव्हतं बघ. बाबा असते तर गल्लीभर सांगत फिरले असते.

एकवीस तारखेला समारंभात पांढरे हातमोजे धुऊन घाल. आपली माया आहेच, तिला पत्राचं पाणी घालत जा.

तुझी,
फुमिए

मिनेकावा चौकी, १३ फेब्रुवारी

ती. ताईस कात्सुयाचा सा. न. वि. वि.

ताई, मी सन्मान घेणार नाही. तू रागावशील, पण आधी ऐक.

चढावरच्या ओकिनो आजी तुला आठवतात, धुरी दिलेला मुळा पाठवायच्या त्या. त्यांचं फडकं रोज दिसायचं. मी खालच्या रस्त्यावरूनच हात करायचो आणि पुढे जायचो. परवा गॅसवाला सिलिंडर बदलायला गेला, तर आजी खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजापाशी बसल्या बसल्या गेलेल्या. डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस झाले. फडकं मात्र दाराशी होतंच.

ते शेजारचे कुदो आजोबा लावत होते. हिवाळ्याच्या सुरुवातीला आजींना एकदा उठायला उशीर झाला, मी बर्फातून धावत चढलो आणि घसरून पडलो. ते त्यांच्या मनाला लागलं. कुदोंना म्हणाल्या, तुम्ही पहाटेच उठता, तुमच्याबरोबर माझंही लावत जा, त्या पोराला कशाला त्रास. कुदोंनी शब्द पाळला. काल चौकीत येऊन जमिनीला डोकं टेकून म्हणाले, साहेब, एक दिवससुद्धा विसरलो नाही हो.

हे त्यांनी मला एकट्यालाच सांगितलं. आजी गेल्या यात संशयाचं काही नाही, त्यामुळे कुणी विचारलंही नाही. पण सन्मान नाकारला तर वरचे कारण विचारतील, आणि मला खोटं बोलता येत नाही. तरीही ज्या फडक्याने मला फसवलं, त्याचंच पदक छातीवर कसं लावू? मला झोप नाही.

तुझी तब्येत कशी आहे? आशीर्वाद असू दे, या वेळी जरा जास्तच.

तुझा,
कात्सुया

सेन्दाई, १७ फेब्रुवारी

चि. कात्सुया यास ताईचे आशीर्वाद.

रागावले नाही. खूप रडले.

पण सन्मान घे. तू नाही म्हणालास की कारण आलं, आणि कारण म्हणजे कुदो आजोबा. मग त्या म्हाताऱ्याने गावात तोंड कुठे दाखवायचं? शेजारणीचा शब्द पाळला, एवढाच त्याचा गुन्हा. तू मान खाली घालून पदक घे. ते जड लागेल. लागू दे, आणि उद्यापासून फडकं असो नसो, चढ चढून दार वाजव. म्हाताऱ्या कुरकुरतील. कुरकुरू दे.

आता माझं. या पत्राच्या डोक्यावर ‘येथील सर्व क्षेम’ नाही, पाहिलंस का? तुझं पत्र वाचल्यावर ते लिहायला हात उचलेना. शरद ऋतूपासून पोटात गाठ आहे. ऑपरेशनची वेळ टळून गेली, असं डॉक्टर म्हणतात. तू डोंगरात, त्यात बर्फ, तुला कशाला पळवायचं, म्हणून प्रत्येक पत्रावर क्षेम लिहीत राहिले. ओकिनोबाईंना त्यासाठी शेजारी लागला. मला माझाच हात पुरला.

मला भीती वाटते रे. ओनोदेराबाई सूप आणून देतात, पण त्या काही माझा भाऊ नाहीत.

समारंभ झाला की कपडे बदलत बसू नकोस, तसाच गाडीत बस. आज मी माझं फडकं काढलं आहे.

वाट पाहणारी,
ताई