बॅरेकीतली जपानी शाळा

मुकुंदवाडी, औरंगाबाद
९ डिसेंबर २०१८

ती. पप्पांस,
रूपालीचा जय भीम. वि. वि.

आई बरी आहे. समोरच्या नव्या सोसायटीत तिला आणखी एका घरचा स्वयंपाक मिळाला. मला तुरुंगातल्या मुलाखतीला आणायचं नाय, असं तुम्ही तिला बजावलंत, म्हणून पत्रातच बोलते. पाण्याच्या टँकरवरच्या भांडणात तुम्हाला धरून नेलं, हे शाळेत कुणाला माहीत नाही. पुण्याला कामाला गेलेत, असं सांगते.

वर्गातली ज्ञानेश्वरी मला जपानी चित्रकथा वाचायला देते. इंग्रजीत आहेत, पण अर्धं चित्रांवरूनच कळतं. उजवीकडून डावीकडं वाचायच्या! त्यातली मुलं आमच्याच वयाची. एका बाकावरच्या दोघांना एकमेकं आवडतात, पण बोलायचा धीर नाय. मुलीनं मोठ्या हिमतीनं त्याच्यासाठी डबा केला, तर त्याला वाटलं मास्तरांसाठी आहे. नेऊन दिला की त्यानं! मी एवढी हसले की आईनं लाटणं उगारलं.

रागावू नका. वाईट काही नसतं त्यात. शेवटी कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून तर वाचावंसं वाटतं.

लोभ आहेच, तो असाच ओला ठेवा.
तुमची रूपाली


हर्सूल कारागृह
२३ डिसेंबर २०१८

चि. रूपालीस,
जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

आधी रागच आला. दहावीच्या वर्षात प्रेमाची पुस्तकं? मग पत्र पुन्हा वाचलं आन् डब्यापाशी मलाच हसू फुटलं. शेजारच्या बशीरचाचांनी कारण विचारलं, तर सगळ्या बॅरेकीला वाचून दाखवावं लागलं. उजवीकडून वाचायचं म्हणजे आमची उर्दूच की, असं चाचा म्हणाले. सर्जेराव पैलवान तीन वर्षं नुसता कोर्टाच्या तारखांवर आहे. तो त्या पोरावर लई चिडला. डबा कुणासाठी होता हे गाढवालाबी कळलं असतं, म्हणाला.

इथं सगळ्यांचं बिघडलेलंच आहे, पोरी. तेवढाच वेळ त्या शाळेत बसून येतो आम्ही. पुढं काय झालं ते कळव, सारखे विचारतात.

जामिनाची तारीख पुन्हा पुढं गेली. तू अभ्यास सोडू नको.

तुझ्या मायेवरच दिवस काढणारा,
पप्पा


मुकुंदवाडी
२० जानेवारी २०१९

ती. पप्पांस,
जय भीम. वि. वि.

पत्राला उशीर झाला. घरी सगळं ठीक.

पुढचं सांगते. शाळेचं गॅदरिंग ठरलं. नाटकात त्या दोघांनाच कामं मिळाली. पण मुलीच्या गल्लीत टँकर ऐन शाळेच्या वेळेला येतो. तिची आई तेव्हा कामावर असते. खाडे झाले तर कामाची घरं सुटतील. नंबर चुकला तर पुढच्या टँकरपर्यंत पाणी नाय. म्हणून ती तालमीला जात नाय. मुलगा रोज तिच्या रिकाम्या जागेकडं बघतो. मास्तरांनी एकदा चौकशी केली, मग हजेरी घेताना तिचं नाव गाळायला लागले.

भाग तिथंच थांबतो. पुढचं पुस्तक मिळालेलं नाही.

बॅरेकीतल्या काकांना नमस्कार. माझ्यावर माया असू द्या.
रूपाली


हर्सूल कारागृह
३ फेब्रुवारी २०१९

चि. रूपालीस,
जय भीम, आशीर्वाद.

बाळा, जपानात टँकर कधीपासून यायला लागला?

मुलाखतीत आईला विचारलं. जाळीपलीकडं ती पदर तोंडाशी धरून रडली, तेव्हा कळलं की नाताळानंतर तू शाळेत गेलीच नाहीस. मला सांगू नको, अशी शपथही तूच तिला घातलीस. मी बाहेर असतो तर हंडे घेऊन मी उभा राहिलो असतो. साहेबरावमामाला निरोप धाडला, तर तोच काम शोधायला नाशिककडं गेलेला. मुख्याध्यापकांना विनंतीचा अर्ज लिहिला. पण त्यावर पत्ता इथलाच पडणार आन् तुला शाळेत तोंड दाखवायला जागा उरणार नाय. फाडून टाकला. दुसरं काय करावं ते सुचत नाय. परीक्षेला तेवढी बस, एवढं सांगण्यापलीकडं बापाच्या हातात काही उरलं नाही.

संध्याकाळी सगळे भोवती जमले. तुझं पत्र वाचायचा धीर झाला नाय. मी म्हणालो, नाटक झकास झालं, पोरगी वेळेवर पोचली, पोरगाही शेवटी बोलला. सर्जेरावानं मांडीवर थाप मारली. म्हणाला, मी म्हणत नव्हतो?

बशीरचाचा मात्र हसले नाहीत. माझ्या हातातल्या घडी केलेल्या पत्राकडं बघत राहिले. सगळे उठून गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, बेटीची परीक्षा कधी आहे. मी म्हणालो, मार्चात.

आईवर रागावू नको.
पप्पा