बघणं आणि पुसणं

सर, गेल्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका नव्या मुलीला समजावत होते की ब्राउझर सर्व्हरला नुसता पत्ता सांगत नाही, हेतूही सांगतो. 'गेट' म्हणजे फक्त बघायचंय, 'पोस्ट' म्हणजे काहीतरी बदलायचंय. रूटिंग लिहिताना, म्हणजे कुठली विनंती कुठल्या कामाकडे न्यायची ते ठरवताना, पत्त्याबरोबर हेतूही तपासायचा. ती म्हणाली, "मॅडम, हे तर तयार फ्रेमवर्कच आपोआप बघतं ना?" मी हो म्हटलं.

तेव्हा असलं काही नव्हतं. नव्वदचं दशक संपत आलेलं. नगरच्या त्या दवाखान्यातले मोजके संगणक तुम्ही वायरने जोडलेत, रक्तदात्यांची यादी ब्राउझरमध्ये दिसायला लागली आणि मोठ्या डॉक्टरांनी पेढे वाटले. मी तुमच्याच क्लासमध्ये शिकून तुमच्याच हाताखाली लागलेली. यादीत प्रत्येक नावापुढे 'काढा' अशी लिंक होती. लिंक उघडली आणि पत्ता जुळला की नाव पुसलं जायचं. विनंती बघण्याची की बदलण्याची, हे तुमचा प्रोग्राम विचारतच नव्हता. मग अकाउंटच्या खोलीत कुणीतरी, पानं झटपट उघडावीत म्हणून, एक नवा प्रोग्राम टाकला. समोरच्या पानावरची प्रत्येक लिंक तो आधीच उघडून ठेवायचा. त्या संगणकावर कुणी सहज यादी बघायला गेलं, आणि तो मुकाट्याने एकेक 'काढा' उघडत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसगावकडच्या एका बाळंतिणीला आणलं. रक्तस्राव थांबत नव्हता. रक्तगट ओ निगेटिव्ह. सिस्टर मला म्हणतात, "अगं, हे पान कोरं दिसतंय." तुम्ही फ्लॉपीवरची जुनी प्रत शोधताय, एकामागून एक फ्लॉपी आत सरकवताय. नाव सापडून माणूस येईपर्यंत ती गेली होती. बाळ जगलं.

सगळे म्हणाले, कॉम्प्युटर बिघडला. मोठे डॉक्टर तुम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "आता विषय वाढवू नका." पण तिचे दिवस झाल्यावर तुम्ही एसटीने तिच्या गावी निघालात, मी सोबत. तिचा नवरा ओट्यावर बाळाला मांडीवर घेऊन बसलेला. तुम्ही साध्या शब्दांत सांगितलंत, रक्त देणाऱ्यांची नावं होती, माझ्या चुकीने पुसली गेली. त्याने बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं आणि विचारलं,

"येळंवर रगत मिळालं असतं तर वाचली असती का?"

"कदाचित," तुम्ही म्हणालात.

"आमी म्हनत हुतो, तिच्या नशिबातच न्हवतं. आता काय म्हनू?"

त्याने शिवी दिली नाही, अंगावर आला नाही. त्याच्या आईने बाळ उचललं, आत नेलं आणि दार लोटून घेतलं.

परत आल्यावर तुम्ही प्रोग्राम दुरुस्त केलात, 'पोस्ट' आली तरच नाव निघेल असा, आणि काम सोडलंत. क्लासही बंद केलात. पुढे तुम्ही वारलात, तेव्हा तुमच्या घरी काकू म्हणाल्या, "त्यांचं अन्नावरचं मनच उडालं होतं गं."

दवाखान्यातली जुनी माणसं भेटली की अजून तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करतात. मी मान हलवते. हे कुठे पाठवायचं नाही म्हणूनच लिहिता येतंय, सर. तुम्ही त्याला सांगायला नको होतं. नशिबाला बोल लावत तो कसातरी जगला असता, तेवढंही तुम्ही त्याच्याकडून काढून घेतलंत. आणि माझ्यावर तशी वेळ आली तर मी सांगायला जाईन की नाही, मला माहीत नाही.