जावेची वेणी

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस, संध्याकाळ

चुली वेगळ्या झाल्या तेव्हा माझी धाकटी जाऊ कुसुम महालक्ष्म्यांचे दोन्ही मुखवटे खमरियाला आपल्या नव्या घरी घेऊन गेली. वर म्हणे, "ताई, तुमच्या हाताला चव नाही." चव नाही म्हणे! आता तिचाच हात प्लास्टरमध्ये. सकाळी फोन, "ताई, आंबील करायला येता का?"

गेली मी. काहून गेली? चारचौघींत तिला तिचंच बोलणं ऐकवायचं होतं, "चव नसलेलाच हात लागला ना शेवटी!"

पण दारात बाई केस मोकळे सोडून उभी. सून ड्युटीवर, विंचरणार कोण? सणाचा दिवस!

"बस खाली," म्हटलं. वेणी घातली. गुंता काढताना दोनदा मुद्दाम ओढलं. ती ओरडली, माझा जीव थंड झाला. मग आंबील केली. टोमणा राहिलाच. हात बरा होऊ दे तिचा, मग मारते.