नजर लागू नये म्हणून

यवतमाळ, १० जुलै

चि. सौ. तानास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतेस आणि ओट्यावरचे चार शहाणे माझ्याआधी बोलतात. म्हणून कागद घेतला. देवसिंग रोज गाडी घेऊन फुलसावंगीला येतो, त्याच्या हातून पाठवतोय. कॉलेजच्या कचेरीत प्रवेशाचं काम करून मी म्हातारा झालो, तरी तुझ्या शेजारच्या वच्छलाबाईला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मान्य. तरी ऐक. कॉलेजांची यादी भरताना समीक्षाला जे सगळ्यात हवं ते सगळ्यात वर. नागपूरचं सरकारी हवंय ना? मग तेच पहिलं. टेकडीमागचं ते नवं कॉलेज, जिथं शिकवायला कोणी टिकत नाही, ते अगदी तळाशी. उगाच डोकं लावू नकोस.

भाचीला ताप आहे असं कळलं, तिला जप. लोभ आहेच, माझं ऐकलंस तर वाढेल.

तुझा दादा, पुंडलिक

फुलसावंगी, १३ जुलै

तीर्थरूप दादास तानाचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं, त्यातलं रागावणंही मिळालं. समीक्षाचा ताप उतरला नव्हता आणि काल शेवटचा दिवस, म्हणून मीच तिची यादी घेऊन सेतू केंद्रात गेले. तुम्ही सांगितलं तसंच भरलं. एवढंच केलं, की नागपूरच्या वर ते टेकडीमागचं टाकलं. दादा, मार्क आल्यापासून सारं गाव पोरीचंच नाव घेऊन राह्यलं. वच्छलाबाई तर दारात उभी राहून म्हणाली, की तुही पोरगी आता नागपूरलेच जाते. म्हटलं, आता नजर लागते पोरीला. लेकराच्या गालाला आपण काळी तीट लावतो, तशी यादीला लावली. नागपूर दुसऱ्या नंबरावर सुखरूप आहे.

पेढे घेऊन येतेच. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची ताना

यवतमाळ, १४ जुलै

ताना, आशीर्वाद मागाहून.

अगं, काय करून बसलीस! यादी म्हणजे लेकराचा गाल आहे का? कॉम्प्युटर वरून वाचत येतो. वरचं मिळण्यासारखं असलं की तेच देतो, खाली बघतसुद्धा नाही. पहिल्या नंबराचं मिळालं की पुढच्या फेऱ्यांतून नावच बाद. आणि त्या टेकडीमागे जागा रिकाम्याच असतात, मागेल त्याला मिळतात. ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. पक्की झालेली यादी कोणालाच उघडता येत नाही. साऱ्या गावाचं ऐकलंस, सख्ख्या भावाचं तेवढं सोडलंस. कपाळ बडवून घेतोय मी इथे.

उद्या निकाल. देवाला हात जोड. बाकी काही करू नकोस.

पुंडलिक

फुलसावंगी, १७ जुलै

ती. मामांस समीक्षाचा सा. न.

टेकडीमागचंच मिळालं. आई धड जेवत नाही. तुमचं पत्र उशाशी घेऊन पडून असते. काल तिनं एवढंच विचारलं, की नागपूर वर असतं तर मिळालं असतं का. मी सांगितलं, नसतं, माझेच मार्क कमी पडले.

मामा, मिळालं असतं. माझ्याहून कमी मार्कांच्या मुलीला मिळालंय. मी शेतात जाऊन रडले. आईचा राग आला, अजून आहे. पण मी चार वर्षांनी त्या कॉलेजातून निघेन, तिच्या मनातून हे कधी निघायचं नाही. माझं तिला खरं वाटत नाही, तुमचं वाटेल. तेवढं लिहून पाठवा. हे पत्र मात्र फाडून टाका.

तुमच्या मायेतली,
समीक्षा

यवतमाळ, १८ जुलै

चि. सौ. तानास अनेक आशीर्वाद. वि. वि.

नागपूरची यादी मी स्वतः डोळ्यांखालून घातली. पहिलं टाकलं असतंस तरी मिळालं नसतं. पोरीचे मार्क थोडक्यात कमी पडले. मी आधी नीट पाहिलं नाही आणि उगाच तुझ्यावर ओरडलो. कचेरीत नुसत्या खुर्च्या गरम केल्या, असं वच्छलाबाईला खुशाल सांग. आता मुकाट्यानं जेव.

समीक्षा कॉलेजला निघेल तेव्हा तिच्या कानामागे तीट लाव. चांगली मोठी लाव. नजर लागावी अशीच पोरगी आहे ती.

तुझा दादा, पुंडलिक